झाडं लावायला एम.ए. कशाला?

पदवीचं शेवटचं वर्ष सुरू झालं की घरात एक विषय दबक्या पावलांनी फिरायला लागतो. "पुढे काय?" असं आपण तोंडानं विचारत नाही. पण पोळी वाढताना, गाडीची किल्ली शोधताना तो प्रश्न आपल्या चेहऱ्यावर असतोच, आणि मुलांना तो बरोबर वाचता येतो. मग एखाद्या रविवारी लेक सांगून मोकळी होते, "मला नॅचरल रिसोर्स गव्हर्नन्समध्ये मास्टर्स करायचंय. नाहीतर एन्व्हायर्नमेंटल मॅनेजमेंटमध्ये."

आमच्याकडे पहिल्या बोलल्या त्या सासूबाई. "म्हणजे झाडंच लावायची ना? त्याला एम.ए. कशाला लागतं?"

आम्ही हसलो. पण आतून आम्हा दोघांनाही हेच विचारायचं होतं, फक्त त्यांच्याएवढा सरळपणा आमच्यात नव्हता. आपण पडलो शिकलेले आईबाप! आपण "वा, छान, काहीतरी वेगळं आहे" असं म्हणतो आणि रात्री दार लोटून घेऊन एकमेकांना विचारतो, "एमबीए केलं असतं तर?"

तुमच्या घरी असा रविवार येऊन गेला असेल किंवा यायचा असेल, म्हणून हे लिहायला घेतलंय. माझी लेक या वाटेनं गेलीय. मी या विषयातली जाणकार नाही. तिच्यामागून जाताना जे कानावर पडलं, जे पाहिलं आणि जरा धास्तावून वाचून काढलं, तेवढीच माझी पुंजी.

आधी विषयाचं बोलू. यातली एक बाजू विज्ञानाची. पाणी किती आहे, माती कशी आहे, हवेत काय मिसळलंय, जंगल दाट होतंय की विरळ, हे मोजायचं. उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करायचे. एखादी खाण, कारखाना किंवा धरण येणार असेल तर परिसरावर काय परिणाम होईल ते आधी तपासायचं. केंद्र सरकारच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार बऱ्याच मोठ्या प्रकल्पांना अशी तपासणी करावीच लागते. एवढं आपल्याला पटतं. आकडे आले की आपल्याला तो अभ्यास वाटतो.

दुसरी बाजू माणसांची, आणि आपलं अडतं ते तिथं. आहे ते पाणी कोणाला किती द्यायचं? हे ठरवणार कोण? ठरलेलं कोणी मोडलं तर काय करायचं? ज्यांचं गाव अजून सुटलेलं नाही, त्यांना हे प्रश्न नवे नाहीत. कालव्याच्या तोंडाशी ज्याचं रान, त्याचा ऊस डोलत असतो, आणि आवर्तन टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोचेस्तोवर चारीतलं पाणी संपलेलं असतं. पाऊस तोच, धरणही तेच. घोळ होतो तो वाटपात. हे वाटप, त्याचे कायदे, त्यावरची भांडणं आणि गावकऱ्यांनी काढलेल्या तोडी, असा सगळा पसारा या शिक्षणात येतो.

लेकीनं मला हे पटवलं ते पुरंदर तालुक्यातल्या नायगावचं उदाहरण देऊन. 1972 च्या दुष्काळात विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनियर-उद्योजक तिकडे गेले आणि त्यातून पुढे पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ऐकताना माझी भाजी चिरायची राहिली. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरतं. ज्याला जमीनच नाही त्याचाही पाण्यावर हक्क. कोणी जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही.

"आता हे एका ठिकाणी चालतं आणि शेजारच्या गावात का चालत नाही, हे शोधायचं असेल तर शिकायला नको?" लेकीनं विचारलं.

सासूबाई बाजूला लसूण सोलत होत्या. त्यांचं माहेर ऊसवाल्यांचं. "पण ऊस का नाही लावायचा?" त्या म्हणाल्या. मग आजी आणि नातीचं जे जुंपलं, ते वरणाला फोडणी पडेपर्यंत. त्या दिवशी 'झाडंच लावायची ना' हा मुद्दा मागे पडला तो पडलाच.

या विषयातलं एक मोठं नाव सांगते, कारण मार्कांची काळजी करणाऱ्या आपल्यासारख्यांना ती गोष्ट आवडेल. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन बाई. शाळेत मुलगी म्हणून त्यांना पुढचं गणित घेऊ दिलं नव्हतं. नंतर अर्थशास्त्रात पीएच.डी. करायला गेल्या तर त्यावरूनच अडलं, म्हणून त्या राज्यशास्त्राकडे वळल्या. गायरान, पाणी, मासळी, जंगल अशा सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टी माणसं ओरबाडूनच संपवणार, असं मोठमोठे अभ्यासक तेव्हा मानत होते. ऑस्ट्रॉमबाईंनी स्वित्झर्लंडची कुरणं, जपानमधली गावं, स्पेनमधले पाट यांचा अभ्यास मांडून दाखवला, की गावकरी स्वतः नियम करून अशा गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात, पण सगळीकडे नाही. त्यांना 2009 साली नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचंच. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

स्पेनपर्यंत तरी कशाला जा? गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. वनहक्क कायदा झाला 2006 मध्ये. त्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू तोडून गाडीत भरला तरी तो बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो देणार वनखातं. हक्क कागदावर, बांबू जागेवर. शेवटी एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

मला यात सगळ्यात भावलं ते वेगळंच. कुठलाही निर्णय घेण्याआधी त्या विषयाचा अभ्यासगट बसवायचा, बाहेरच्या जाणकारांना बोलवायचं, खल करायचा आणि मग सगळ्यांच्या सहमतीनं ठरवायचं, अशी त्या गावाची रीत आहे. गावच अभ्यासाला बसतं म्हटल्यावर आपल्या पोरांनी दोन वर्षं अभ्यास केला तर काय बिघडलं?

गोव्यातल्या आईबाबांना हे आणखी जवळून कळेल. खाजन शेतीत बांध घालून खारं पाणी अडवलेलं असतं आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांतून ते आतबाहेर होतं. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. ज्यानं पैसे मोजलेत त्याला मासळीसाठी दार उघडं हवं, आणि भातवाल्याला ते वेळेवर बंद हवं. दार एकच. घरी याच्यावर वाद झडत असतील तर तुमच्या मुलाचं अर्धं पहिलं सेमिस्टर जेवणाच्या टेबलावरच झालंय म्हणा.

आता जरा अवघड गोष्टीकडे येते.

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ मराठवाड्यातून पुण्यात आले, नोकरीला लागले, हप्ते फेडत फेडत फ्लॅट घेतला. मुलगा केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाला आणि म्हणाला, पाणलोटाच्या कामात जायचंय, त्यातलंच मास्टर्स करतो. वडील कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलले नाहीत. मला म्हणाले, "वहिनी, बांधावरनं उठून इथवर यायला माझी उमेद गेली. आणि हा शिकून सवरून परत बांधावर चाललाय."

या रागाला मी नावं ठेवणार नाही. ज्यांनी उन्हाळ्यात टँकरमागे घागर घेऊन धावून पाहिलंय, त्यांना 'ग्रामीण भागात काम' या शब्दांत काही गोडवा दिसत नाही. मुलांना वाटतं बाबांना कळत नाही. बाबांना वाटतं पोराला कळत नाही. खरं तर दोघंही एकाच कोरड्या विहिरीबद्दल बोलत असतात.

मला एवढंच सुचवावंसं वाटतं, की तुमच्याकडे अशी गोष्ट असेल तर ती मुलाला सविस्तर सांगा. "आम्ही काय काय सोसलं तुला काय माहीत" असा टोमणा मारून नको, नीट बसून सांगा. गावात बोअर कधी आली, पहिली कोणाची, तिच्यानंतर शेजारच्या विहिरीचं काय झालं, पाण्याच्या पाळीवरून भाऊबंदकी कशी पेटली. कॉलेजात ज्याला 'केस स्टडी' म्हणतात, ती तुमच्या आठवणीत पडून आहे. त्या गृहस्थांनी पुढे ती सांगितली. मुलगा वही घेऊन बसला होता म्हणे. त्यांचा राग गेला का? पुरता नाही. पण आता ते पोराला फोन करून "तुमच्या गावात पाऊस झाला का?" असं विचारतात.

आणखी एक सांगू? आज पदवीला असलेली मुलं 2016 च्या उन्हाळ्यात प्राथमिक शाळेत होती. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते त्याच उन्हाळ्यात. आपण ती बातमी चहाबरोबर पाहिली आणि विसरलो. सांगली-कोल्हापूरचा 2019 चा पूर, 2021 मध्ये तळीयेवर कोसळलेली दरड, हे सगळं या मुलांनी वाढत्या वयात, मोबाइलवर, पुन्हा पुन्हा पाहिलंय. आपल्याला वाटतं हे नवीन फॅड आहे. त्यांच्या दृष्टीनं ती त्यांच्या आयुष्याची पार्श्वभूमी आहे. त्यातल्या काहींना भीती वाटते, आणि ती भीती ती मुलं आपल्याला सांगत नाहीत, कारण आपण लगेच म्हणणार, "एवढा विचार करू नकोस, अभ्यास कर."

ही भीती कधी कधी उपदेशाच्या रूपानं बाहेर पडते. पहिल्या सुट्टीत घरी आली की लेक फ्रिजमधल्या प्लॅस्टिकच्या डब्यांवरून बोलणार. एसी का लावला, शॉवर किती वेळ चाललाय, कोथिंबिरीला पिशवी का घेतली. आपण आधीच दमलेले, त्यात घरच्याच पोरीनं आपल्याला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभं केलेलं. मग आपणही सुनावतो, "आम्ही जन्मभर कापडी पिशवीच वापरली, तुम्हीच ऑनलाइन मागवता!" खरंच आहे ते. पण तेव्हा तिला हिशेब नको असतो. अशा वेळी मी तिला चहा टाकायला सांगते आणि विचारते, "आज काय वाचलंस?" बरेचदा काहीतरी फार निराश करणारं वाचलेलं असतं. ते बोलून झालं की डबे सुटतात.

पैशांचं बोलायला हवं, टाळून चालणार नाही. सामाजिक संस्थांमधला पहिला पगार आयटीवाल्या मावसभावाच्या पॅकेजपुढे उभाही राहत नाही. कामं बरेचदा प्रकल्पावर असतात. तीन वर्षांचा प्रकल्प संपला की पुन्हा शोध. हे मुलांना माहीत असतं. तरी लग्नकार्यात कोणी "काय पॅकेज?" विचारलं की त्यांचा चेहरा उतरतो आणि आपला त्याहून जास्त. तिथं आपण उत्तर देऊन टाकावं हे बरं. मुलांवर ढकलू नये.

पण कामं नाहीत असंही नाही. कंपनी कायद्यामुळे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. सेबीनं 2022-23 पासून पहिल्या 1,000 सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणं बंधनकारक केलंय. तो लिहायला पाणी, वीज, कचरा यांतलं कळणारी माणसं लागतात. अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातल्या गावांनी पाण्याचे ताळेबंद मांडले, जागतिक बँकेच्या मदतीचा, शेतीसाठीचा पोकरा प्रकल्प आहे, मुंबईनं 2022 मध्ये आपला हवामान कृती आराखडा काढला. या सगळ्यामागे कोणीतरी गावोगाव, वॉर्डावॉर्डांत फिरलेलं असतं. शिकवायची आवड असेल तर यूजीसी नेटला पर्यावरणशास्त्र हा विषय आहे.

एक सावधगिरी मात्र सांगते. बऱ्याच घरांत असं गृहीत धरतात की हे केलं म्हणजे भारतीय वनसेवेचा रस्ता उघडला. तसं नाही. त्या परीक्षेला पदवीलाच विज्ञानाचे ठरावीक विषय, शेती, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकी लागतं. पदवीला यातलं काहीच नसलेल्या मुलाला वरून मास्टर्स करून तिथं जाता येत नाही. हे आधी कळलं तर पुढची चिडचिड वाचते.

आता फील्ड. खरं सांगा, आपल्या पोटात गोळा येतो तो पगारानं कमी आणि या शब्दानं जास्त. त्यातून मुलगी असेल तर विचारायलाच नको. कुठल्या गावात राहणार, कोणाच्या घरी, संडास आहे का, फोनला रेंज आहे का, पाळीच्या दिवसांत काय करणार, रात्री-अपरात्री काही झालं तर दवाखाना किती लांब. आपण हे सगळं एकदम विचारतो, त्याच्यात आवाज चढतो, आणि तिला ऐकू येतं ते एवढंच : "आईचा माझ्यावर विश्वास नाही."

हे प्रश्न विचारायचेच आहेत. फक्त ते तिला न विचारता कॉलेजला विचारावेत, आणि तिच्या साक्षीनं. फील्डला सोबत कोण शिक्षक असतात, एकटीला पाठवतात की जोडीनं, तिथली स्थानिक संस्था कोणती, विमा आहे का, अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे. चांगल्या ठिकाणी ही उत्तरं तयार असतात. जिथं "काही होत नाही हो, मुलं एन्जॉय करतात" असं उत्तर मिळेल, तिथं मी तरी दोनदा विचार करीन.

लेकीच्या फील्डवर मी एकदा जाऊन आले. म्हटलं, बघू तरी. उन्हातान्हात चालत चालत शिवारफेरी, मग विहिरी. तिनं मोजपट्टीच्या टोकाला दगड बांधला आणि हळूहळू विहिरीत सोडला. दगड पाण्याला टेकला की पट्टी किंचित सैल पडते. ती पुन्हा हलकीशी ताणून काठावरचा आकडा वाचायचा, मग कठड्याची उंची मोजून त्यातून वजा करायची, म्हणजे जमिनीपासून पाणी किती खोल ते कळतं. कठडा वजा करायचा राहिला तर सगळी आकडेमोड फुकट. ती वाकून बघत होती आणि माझा जीव टांगणीला. मी "मागे हो, मागे हो" करत होते, तर विहिरीची मालकीण म्हणाली, "ताई, तुम्हीच मागं व्हा. पोरगी सरावलीया."

दुपारी बायकांनी अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढला. घरांना चिंचोके, विहिरींना खडे. आदल्या दिवशी पुरुषांनीही काढला होता. त्यात रस्ते होते, देऊळ होतं, सोसायटी होती. बायकांच्या नकाशात ओढ्याकडची एक पायवाट निघाली, जी पुरुषांच्या नकाशात नव्हतीच. जळण आणायची वाट. त्या बाजूची जमीन कुंपण घालून बंद करायचं गावात चाललं होतं, झाडं जगावीत म्हणून. बायकांना कोणी विचारलं नव्हतं. आता त्या पायवाटेचं करायचं काय यावर लेक आणि तिचे मित्र संध्याकाळी जे तावातावानं बोलत होते, ते मी ओट्यावर बसून ऐकलं. झाडं लावायला एम.ए. कशाला लागतं, हे मला तिथं बसून कळलं. झाडं लावायला लागतच नाही. ती कुठं लावायची आणि त्यापायी कोणाची चूल अडायची, हे ठरवायला लागतं.

गावातल्या बायकांनी लेकीला पहिला प्रश्न कोणता विचारला असेल? "लगीन झालं का?" त्या बाबतीत आम्ही आणि ते गाव एकाच मताचे निघालो, आणि ती दोघांवरही सारखीच चिडली.

फील्डहून परतल्यावर मुलं गप्प होतात, हेही माहीत असू द्या. आपण कौतुकानं आवडीचं जेवण करतो आणि ती बसतात ताट चिवडत. लेक एकदा आली ती थेट अंघोळीला गेली आणि अर्ध्या बादलीत बाहेर आली. मी म्हटलं, "गिझर चालू आहे, घे की अजून." तर म्हणाली, "नको." तिथं ती ज्यांच्याकडे राहिली, त्या घरातली मुलगी शाळा बुडवून पाणी भरायची. अशा वेळी "तू कशाला मनाला लावून घेतेस" हे वाक्य आपल्या जिभेवर तयार असतं. ते गिळायचं. मनाला लागलं नाही तर ती हे काम करणार तरी कशाला? पण गप्पपणा फार दिवस राहिला, झोप उडाली, तर मात्र कॉलेजच्या समुपदेशकाकडे जायला सुचवावं, आणि ते सर्दीच्या डॉक्टरकडे जा म्हणण्याइतक्या सहज आवाजात.

कॉलेज निवडायचं तर नावापेक्षा आतलं वेळापत्रक बघा, असं मला वाटतं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या तुळजापूरच्या आवारात उपजीविका आणि नैसर्गिक संसाधनांच्या कारभाराचा पदव्युत्तर अभ्यास राहिलेला आहे. तिथं दुष्काळ खिडकीतूनच दिसतो. आयआयटी मुंबईत 'सितारा' नावाचं केंद्र ग्रामीण प्रश्नांवर एम.टेक. करून घेतं, इंजिनियर मुलांसाठी ते उत्तम. भोपाळची भारतीय वनव्यवस्थापन संस्था 1982 ची. तिचा ओढा व्यवस्थापनाकडे, म्हणजे "एमबीए केलं असतं तर" म्हणणाऱ्या बाबांचाही मान राहतो. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था आहे. प्रकाश गोळे यांच्या इकॉलॉजिकल सोसायटीच्या पदविका अभ्यासक्रमानंही कितीतरी लोक घडवलेत. अभ्यासक्रम दरवर्षी बदलतात, नावं बदलतात, एखाद्या वर्षी बंदही असतात. म्हणून शेजारच्या काकूंच्या माहितीवर जाऊ नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडा.

उघडलीत की दोन गोष्टी शोधा. कायदा, अर्थशास्त्र, परिसरशास्त्र आणि नकाशांचं काम हे चारही आहेत का, की नुसतीच मोठमोठी इंग्रजी नावं? आणि फील्डचे महिने किती? मग मागच्या दोन-तीन तुकड्यांतली मुलं आज कुठं आहेत ते विचारा. संस्था सांगते त्यापेक्षा ती मुलं फोनवर जास्त सांगतात. फोन मात्र तुमच्या मुलानं करायचा. आपण बाजूला बसून कानही टवकारायचे नाहीत. (हे जमत नाही. पण निदान दुसऱ्या खोलीत तरी जावं.)

परदेशाचं खूळ निघालं तर एकदम घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. जर्मनीतल्या फ्रायबर्ग विद्यापीठात एन्व्हायर्नमेंटल गव्हर्नन्स याच नावाचा एम.एस्सी. आहे. युरोपबाहेरच्या मुलांना तिथं सेमिस्टरला 1,500 युरो फी पडते, पण खरा खर्च राहण्याजेवणाचा. इंग्लंडच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. जर्मनीच्या डाड (DAAD) या संस्थेच्या विकासविषयक शिष्यवृत्त्याही अनुभव मागतात. तेव्हा पदवीनंतर लगेच कर्ज काढून धावण्यापेक्षा दोन वर्षं इथल्याच एखाद्या संस्थेत काम करणं पुष्कळदा शहाणपणाचं. त्या दोन वर्षांत मुलांना कळतं की आपल्याला हे खरंच हवंय की नुसतं छान वाटत होतं. कळलं की नको आहे, तरी नकाशे करणं, आकडे वाचणं, अनोळखी माणसांत बसून ऐकून घेणं हे शिकलेलं कुठं जात नाही.

पहिल्या सेमिस्टरनंतर मूल "मला हे जमत नाही" म्हणालं तर? म्हणतात बरेच जण. भाषा कळत नाही, गावात कोणी बोलत नाही, वर्गातले सगळे आपल्याहून हुशार वाटतात. त्या रात्री "मी तेव्हाच म्हटलं होतं" हे वाक्य येऊ देऊ नका. अगदी म्हटलं असलं तरी. जेवू घाला, झोपू द्या. ठरवायचं ते सकाळी.

तर आता अर्जांचं. सीयूईटी-पीजीचे फॉर्म साधारण थंडीच्या दिवसांत निघतात. गेटचे त्याच्याही आधी, गणपती-नवरात्राच्या सुमाराला, आणि 2021 पासून गेटला पर्यावरणाचा स्वतंत्र पेपर आहे. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला हे काढायला तहसीलमध्ये वेळ जातो, ते काम आपलं. फॉर्म मात्र तिला भरू द्या. 'तुम्हाला हा अभ्यासक्रम का करायचा आहे' असं कुठं विचारलं असेल, तर ते उत्तर तिनं लिहिल्यावर वाचायला मागा. व्याकरण तपासायचं म्हणून मागा, नाहीतर देणार नाही.